आमचा ओकोतियो मेलेला नाही

छटा : सुकलेली वाळू

आधीच सांगून टाकतो, कारण पुढे धावपळ फार आहे. आमच्या अंगणातला ओकोतियो मेलेला नव्हता.

दिसत मेलेलाच होता, हे कबूल. फेब्रुवारीतला ओकोतियो म्हणजे कुणीतरी दोन पुरुष उंचीच्या काटेरी काठ्यांची मोळी बांधायला घेतली आणि मध्येच जेवायला उठून गेला, तसा दिसतो. पान नाही, फूल नाही. पण आमच्या वाळवंटातल्या या टुसॉन शहरात कुठल्याही माणसाला विचारा, तो म्हणेल, "झोपलाय." पाऊस लागला की चार दिवसांत बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पानं. पाऊस ओसरला की पानं खाली आणि पुन्हा मोळी. वर्षातून तीन-चार वेळा हा मरतो आणि तितक्याच वेळा उठतो. एप्रिलमध्ये मात्र पाऊस असो नसो, प्रत्येक काठीच्या टोकाला लाल जीभ फुटते.

कुठल्याही माणसाला विचारा म्हणालो, त्यात वॉल्टर हॅल्वरसन येत नाहीत. वॉल्टर आमच्या वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष. माणूस लोण्यासारखा. पण घर दूर उत्तरेला, बर्फाळ मिनेसोटात. ऑक्टोबरात गाडीवर सायकली बांधून येतात आणि मार्च संपायच्या आत परत जातात. म्हणजे आमचं वाळवंट त्यांनी पाहिलंय ते फक्त पेंगताना. समितीतले बाकीचेही असेच, थंडीपुरते. तुम्ही म्हणाल, इथली माणसं समितीवर का नाहीत? कारण समितीची बैठक सकाळी दहाला असते, आणि सकाळी दहाला इथली माणसं कामावर असतात.

या समितीची एक रंगपट्टी आहे. भिंत, दार, कुंडी, फाटक, जे काही रस्त्यावरून दिसेल ते या पट्टीतल्या छटांमध्ये बसलं पाहिजे. या कथेवरही कुणाचा आक्षेप नको म्हणून प्रत्येक भागाच्या डोक्यावर मंजूर छटा लावली आहे. निदान जिथवर पुरल्या तिथवर.

छटा : कोयोटीची पाठ

वॉल्टर स्वतः दारात आले. टोपी छातीशी धरलेली.

"अँसेल्मो, वाईट वाटून घेऊ नका हं," ते म्हणाले, "पण तुमच्या अंगणात एक निधन झालंय."

मी घाबरून मागे पाहिलं. माझी बायको ऑरेलिया स्वयंपाकघरात तोर्तिया भाजत होती, जोरात होती.

"ती काठ्यांची मोळी," वॉल्टर म्हणाले. "मेलेलं झाड रस्त्यावरून दिसता कामा नये, असा नियम आहे. मार्चअखेर, आम्ही जायच्या आधी, पाहणी करू. तोवर हिरवं दिसलं तर छान. नाहीतर... आमची माणसं येऊन अगदी हळुवारपणे कापून नेतील."

"हळुवारपणे" हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की मलाच क्षणभर त्या मोळीचं सांत्वन करावंसं वाटलं.

आता त्या मोळीचं मोल सांगतो. माझ्या सासूबाईंच्या घराला, सीमेपलीकडे सोनोरात, ओकोतियोच्या काठ्यांचं कुंपण होतं. आमच्याकडे काठ्या तोडून नुसत्या ओळीने पुरतात, आणि कुंपण रुजतं, फुलतं. सासूबाई गेल्यावर वाटण्या झाल्या. माझा मेहुणा तावो याला ट्रक मिळाला. ऑरेलियाला कुंपणाच्या काठ्या मिळाल्या. तिने त्या मांडीवर घेऊन सीमा ओलांडली, अंगणात एकत्र पुरल्या, आणि त्या दिवसापासून त्या मोळीला ती सकाळी "कशी आहेस?" असं विचारते.

सासूबाईही तशाच होत्या. पाद्रीबाबा त्यांना मरणाआधीचं शेवटचं तेल लावायला कितीदा आले असतील! प्रत्येक वेळी सगळे रडायला बसले की आतून आवाज यायचा, "कोण रडतंय? घेवडा करपतोय." एकदा तर आमच्याबरोबर तिकडे आलेली आमची शेजारीण दोन्या चेला हिने खात्री करायला त्यांची टाच नखाने खरवडली. सासूबाईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "चेले, नखं काप."

वॉल्टर गेल्यावर ऑरेलिया बाहेर आली. तिला सगळं ऐकू आलं होतं.

"म्हाताऱ्या," ती मला म्हणाली (आमच्याकडे बायका नवऱ्याला प्रेमाने हेच म्हणतात, निदान मी ते प्रेम धरून चालतो), "तावोकडे ट्रक आहे. माझ्याकडे आईचं एवढंच आहे. ते कापलं ना, तर त्या खड्ड्यात मी तुला उभा पुरीन. बघू तू रुजतोस का."

छटा : ओला दगड

दोन्या चेलाचं वय ऐंशीच्या पुढे आणि सल्ल्यांचा साठा त्याहून जुना. मी साठी ओलांडली तरी तिच्या लेखी पोरच.

"पोरा, इकडे ये," ती म्हणाली, आणि काठीची साल नखाने खरवडली. आत हिरवंगार. "बघ. जिवंत. बोलव त्या टोपीवाल्याला."

वॉल्टर आले, वाकले, हिरवं पाहिलं, खूश झाले. मग रस्त्यापर्यंत चालत गेले, वळून पाहिलं आणि खेदाने मान हलवली. "इथून दिसत नाही."

"मग काठ्यांवर रोज पाणी मार," दोन्या चेला म्हणाली. "मुळाशी नाही, अंगावर. पाऊस पडतोय असं त्याला वाटलं पाहिजे. फसव त्याला."

इथे माझ्या इभ्रतीचा प्रश्न येतो. मी नगराच्या पाणीखात्यात उभं आयुष्य घालवलं. शाळाशाळांतून पाणी वाचवा म्हणून व्याख्यानं दिली, तीही पाण्याच्या थेंबाचा निळा पोशाख घालून. अर्धं शहर अजून मला थेंबराव म्हणून ओळखतं. बँकेत, दवाखान्यात, अंत्यविधीला. असा मी पहाटे उठून, इकडेतिकडे बघत, चोरासारखा झाडाच्या अंगावर पाणी मारू लागलो.

ओकोतियो फसला नाही. बाकी सगळे फसले. खडीतून हरळी उगवली. हरळीमागून रानमोहरी. ओल्या मातीच्या वासाने रानडुकरांचं एक कुटुंब आलं, आजी-आजोबांसकट. त्यांनी आमचा फड्या निवडुंग काट्यांसकट खाल्ला, कुंड्या उलथ्या केल्या आणि जाताना दारातल्या पायपुसण्यावर अभिप्राय ठेवून गेले. पाणी वाहत वाहत रस्त्यावर गेलं, आणि एके सकाळी पाणीखात्याची गाडी थांबली. आतून उतरला तो माझ्याच हाताखाली शिकलेला माणूस.

"सर?" तो म्हणाला.

मी नळी पाठीमागे लपवली. नळी चालू होती. माझी विजार पाठीमागून भिजत असताना आम्ही दोघं थोडा वेळ हवामानावर बोललो.

"सर, ताकीद द्यावी लागेल," तो शेवटी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुमचं व्याख्यान ऐकूनच मी या खात्यात आलो होतो."

छटा : जुनी वीट

त्याच आठवड्यात कडाक्याचा गारठा पडला. गारठा पडला की आमचं शहर भुताटकीचं होतं. जो तो घरातल्या चादरी काढून बोगनवेलीवर, लिंबावर पांघरतो. निवडुंगांच्या कोवळ्या शेंड्यांवर चहाचे फोमचे पेले उपडे घालतो. सगळी गल्ली पांघरूण घेऊन, टोप्या घालून उभी.

ते दृश्य बघताना मला सुचलं. चादरीखालच्या झाडाला मेलेलं कोण म्हणणार?

मी शिडी लावून ओकोतियोला चादर पांघरली. कपाटातली पहिली हाती लागली ती सासूबाईंची, मोठमोठ्या गुलाबांची. काठ्यांच्या टोकांवर पेले घातले. गारठा ओसरला, गल्लीतल्या चादरी उतरल्या. आमची राहिली. वारा आला की ती फुगायची, आणि गुलाबांची ती उंच बाई डोक्यावर पेले तोलत अंगणात डुलायची.

समितीच्या मार्लीनबाई रंगपट्टी घेऊन आल्या. त्यांनी पट्टी गुलाबांशी लावून पाहिली, एकेक छटा सरकवत, दया आल्यासारख्या.

"फुलाफुलांचं चालत नाही," त्या म्हणाल्या. "पांघरूण मातकट हवं."

ऑरेलियाने आईची चादर उतरवली, हुंगली आणि घडी करून ठेवली. मग आमची साधी पांढरी चादर मोठ्या पातेल्यात कॉफी उकळून तिच्यात बुडवली. वाळल्यावर ती नेमकी 'जुनी वीट' झाली. मार्लीनबाईंनी पट्टी लावली आणि नाइलाजाने मान डोलावली. आठवडाभर आमच्या अंगणाला न्याहारीचा वास होता. मग एके सकाळी पाहतो, तर चादरीच्या चिंध्या. ओकोतियोने ती आतून फाडली होती. सासूबाईंनाही कुणी पांघरूण घातलेलं चालत नसे.

आणि पाहणी तोंडावर आली.

छटा : (मंजुरीसाठी पाठवली आहे)

तावोचा धंदा सांगायचा राहिला. आमच्याकडे थंडीत हरळी पिवळी पडते, आणि उत्तरेकडून आलेल्या मंडळींना पिवळं गवत बघवत नाही. म्हणून तावो त्यांच्या गवताला हिरवा रंग देतो. सासूबाईंच्या ट्रकमध्ये टाकी, टाकीला पंप, पंपाला नळी. तावोच्या मते तो चित्रकार आहे.

"दाजी, तुम्ही आधीच मला का नाही बोलावलंत?" तो ओकोतियोभोवती फिरत म्हणाला. "कुठला हिरवा देऊ? माझ्याकडे दोन आहेत. गोल्फ आणि स्मशान."

"झाडाचा हिरवा दे ना रे," ऑरेलिया म्हणाली.

"ताई, झाडाचा हिरवा कोण विकत घेणार? तो फुकट मिळतो."

गोल्फ ठरला. "वारा नाहीये ना?" मी विचारलं.

"दाजी, हा माझा रोजचा धंदा आहे," तावो म्हणाला आणि पंप सुरू केला. वारा त्याच क्षणाची वाट पाहत होता.

या ठिकाणी दोन्या चेलाच्या पालोमा या छोट्या पांढऱ्याशुभ्र कुत्रीचं सविस्तर वर्णन होतं. दोन्या चेलाने ते वाचून घेतलं आणि कापायला लावलं. एवढंच सांगायची परवानगी आहे, की पालोमा कुंपणापाशी उभी राहून भुंकत होती, रंग अपायकारक नसतो, आणि धुऊन जात नाही.

"वाईट दिसत नाही," पालोमाला चहूबाजूंनी न्याहाळून दोन्या चेला म्हणाली. "पण तावो, दुसऱ्या बाजूनेही दे आता. अर्धी कशी फिरवू मी हिला?"

ओकोतियो मात्र काठीकाठीने हिरवा झाला होता. असा हिरवा मी आयुष्यात पाहिला नव्हता. वाहनं हळू होऊन जात. ऑरेलिया त्याच्यासमोर उभी राहिली.

"कशी आहेस?" तिने विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आईने हे पाहिलं असतं तर खरंच मेली असती."

छटा : पट्टीत नाही

मार्चअखेरीची पाहणी झाली नाही. हॅल्वरसनबाईंनी, आर्डिस त्यांचं नाव, पिकलबॉल खेळताना गुडघा दुखावून घेतला. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. वॉल्टर थांबले. इतक्या हिवाळ्यांत पहिल्यांदाच त्यांना टुसॉनमध्ये एप्रिल लागला.

एप्रिलच्या एका सकाळी दारावर थापा. वॉल्टर. हातात दाताळं, तोंड उतरलेलं, टोपी उलटी.

"अँसेल्मो, बाहेर या. शांतपणे या. घबराट पसरायला नको."

मी बाहेर गेलो. रस्ताभर पालो वेर्देची झाडं फुलली होती. पान दिसत नव्हतं, फांदी दिसत नव्हती, नुसता पिवळा. झाडं पिवळी, खाली खडी पिवळी, गाड्यांचे टप पिवळे, आणि रस्त्याच्या कडेने वाऱ्याबरोबर पिवळ्याचा ओहोळ वाहत चाललेला.

"कालपासून मी ओढतोय," वॉल्टर दाताळं दाखवत कुजबुजले. त्यांच्या दारात छातीएवढा ढीग होता. "जितकं ओढावं तितकं गळतं. पिवळं पडलं म्हणजे संपलं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण एप्रिलमध्ये? आणि एकदम सगळी? मी झाड कापणाऱ्यांना फोन केलाय. माझ्या अध्यक्षपदाच्या काळात संपूर्ण वसाहत मेली, अँसेल्मो."

खोटं कशाला बोलू, मी त्यांना थोडा वेळ तसंच राहू दिलं. भिजलेली विजार आठवली. मोजून घेतलं नाही, पण पुरेसा वेळ.

मग त्यांच्या दाताळ्यात अडकलेलं एक पिवळं उचलून त्यांच्या तळहातावर ठेवलं. "चष्मा लावा."

त्यांनी चष्मा लावला. पाच पाकळ्या. एका पाकळीवर तांबूस ठिपके. मधे परागांचे तंतू.

"हे पान नाही," वॉल्टर म्हणाले.

"नाही."

"हे... सगळं..." त्यांनी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, मग आपल्या ढिगाकडे पाहिलं, आणि फुटपाथच्या कडेवर बसकण मारली. "आणि हे दरवर्षी होतं? आम्ही गेल्यावर?"

"तुम्ही गेल्या गेल्या."

"आर्डिसला सांगू नका हं," ते म्हणाले. "मी तिच्या खिडकीखालची सुद्धा फुलं ओढून टाकली."

एवढ्यात मार्लीनबाई रंगपट्टी घेऊन येताना दिसल्या. राहिलेल्या पाहणीसाठी त्याही जायच्या थांबल्या होत्या, आणि ती त्यांनी त्याच सकाळी ठेवली होती. गुडघा त्यांचा नव्हता, त्यामुळे नियम शाबूत होते. पाठोपाठ दोन्या चेला हिरव्या पालोमाला घेऊन आली, तावो ट्रक घेऊन आला, कारण ऑरेलियाने त्याला, कापणारे आलेच तर ट्रक आडवा लावायला, बोलावलं होतं. ऑरेलिया स्वतः मोळीपुढे हात पसरून उभी. हाताला चटणी लागलेली.

सगळ्यांनी वर पाहिलं.

गोल्फ हिरव्या काठ्यांच्या टोकांना रंग पोचला नव्हता, तावोची शिडी कमी पडली होती. आणि त्या प्रत्येक टोकाला, रंगाच्या वर, लाल जीभ फुटली होती. सगळ्या काठ्या आभाळाला वेडावून दाखवत होत्या. एक हमिंगबर्ड एका जिभेवरून दुसऱ्या जिभेवर, मग वॉल्टरच्या लाल टोपीपुढे येऊन थबकला, टोपीची तपासणी केली, नापास केली, निघून गेला. वॉल्टरनी श्वास रोखला होता.

मार्लीनबाईंनी पट्टी हिरव्याला लावली. "हा रंग नैसर्गिक आहे का?"

मी तोंड उघडलं, थेंबरावाच्या आवाजात काहीतरी भारदस्त सांगायला. पण तावो आधी बोलला.

"हिरवं खोटं आहे, बाई. मीच दिलंय. लाल खरं आहे. लाल आमच्या आईचं."

मार्लीनबाईंनी पट्टी लालला लावायचा प्रयत्न केला. हात पुरेना. "लाल तर पट्टीतच नाही," त्या म्हणाल्या.

"मार्लीन," वॉल्टर हळूच म्हणाले, "पिवळाही नाहीये. मी मघाशी पाहिलं."

मार्लीनबाईंनी रस्ताभर नजर फिरवली. त्यांच्या खांद्यावर, केसांत, पट्टीवर सगळीकडे पिवळं पडलं होतं. त्यांनी पट्टी झटकली, पण पुन्हा पडलं. तेव्हा पट्टी मिटून पिशवीत ठेवली.

निर्णय असा झाला: झाड जिवंत आहे. बेकायदा हिरवा रंग मात्र काढून टाकावा, पावसाळ्यापर्यंत मुदत. कुत्रीबद्दल नियम नाहीत. ऑरेलियाने हात खाली घेतले आणि चटणीसकट अध्यक्षांना मिठी मारली. वॉल्टरचा सदरा त्या दिवशी पट्टीतल्या कुठल्याच छटेत बसला नसता.

जाताना ते वळले. "अँसेल्मो, आणखी काय काय होतं, आम्ही गेल्यावर?"

छटा : सुकलेली वाळू, पुन्हा

सांगायला नको होतं, पण मी बोलत गेलो. मे महिन्यात सग्वारो निवडुंग डोक्यावर पांढऱ्या फुलांचे मुकुट घालतात, मग त्यांची लाल फळं फुटतात, पाखरं तोंड रंगवून फिरतात. मग जून येतो आणि सगळं मेल्यासारखं दिसतं. मग जूनअखेर सॅन हुआनचा, पावसाला बोलावायचा सण, आणि त्या सुमारास पाऊस.

"आर्डिसच्या गुडघ्याला विश्रांती हवीच आहे," वॉल्टर म्हणाले.

थांबले. मे पाहिला. मुकुट बघायला दुर्बीण घेऊन छपरावर चढले, रोज मला हाक मारून सांगत, मीच जणू नवखा. मग जून लागला. पालो वेर्देंनी पानं टाकली. आमच्या ओकोतियोच्या लाल जिभा वाळल्या, आणि ज्या रंगाला पालोमाच्या साबणाने हात टेकले तो उन्हाने पापुद्रे करून उडवून नेला. मोळी पुन्हा मोळी झाली. ऑरेलिया रोज विचारते, "कशी आहेस?" आणि उत्तराला थांबत नाही.

सॅन हुआनच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे दोन्या चेलाच्या मांडवाखाली बसलो होतो, आभाळाकडे तोंड करून. आभाळ कोरं. सरबताचा बर्फ ग्लासात पडायच्या आत वितळत होता. कोपऱ्यात, घडीच्या खुर्चीत, वॉल्टर. तोंडावर टोपी, हात लोंबते, पायाशी अजूनही फिकट हिरवी पालोमा. बराच वेळ हालचाल नाही.

"गेला काय रे हा?" तावो म्हणाला.

"गप," ऑरेलिया म्हणाली, पण तीही जरा पुढे वाकली.

दोन्या चेला उठली. काठी टेकत गेली, वॉल्टरच्या मनगटावर नख ठेवलं आणि खर्रकन ओढलं.

टोपीखालून आवाज आला, "हिरवा आहे का आतून?"

दोन्या चेलाने मनगट उजेडात धरलं. निरखून पाहिलं.

"गुलाबी," ती म्हणाली. "पट्टीत नाही. पण जिवंत आहे."